ब्लॅकजॅकमध्ये एकाच वेळी दोन हात: पैज कशी विभागायची, पत्ते कसे खेळायचे

ब्लॅकजॅक हा कॅसिनोच्या डीलरविरुद्ध खेळायचा पत्त्यांचा खेळ: बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. शेजारची जागा रिकामी दिसली की खेळणाऱ्याला दुसरा हात, म्हणजे वेगळ्या पैजेचे आणखी पत्ते, घ्यावासा वाटतो. त्यामागची कारणं ठरलेली असतात. एक हात गेला तरी दुसरा वाचवेल, पत्त्यांचा क्रम आपल्या बाजूने बदलेल, सतत हरण्याची माळ तुटेल. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे, बाकीची दोन साफ खोटी. दोन हात घेतल्याने जिंकण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही, कारण प्रत्येक हातावर कॅसिनोची आघाडी (पैजेतला त्याचा सरासरी वाटा) तेवढीच राहते. बदलतं ते एवढंच की एका डावात टेबलावर किती पैसा पडतो आणि तो किती वर-खाली होतो. म्हणून हा सगळा प्रश्न पैज कशी विभागायची याचा आहे. एका हातावर १,००० रुपये लावणाऱ्याने दोन हातांवर ५००-५०० लावले तर त्यात अर्थ आहे. १,०००-१,००० लावले तर तो दुप्पट जुगार झाला, त्याला तंत्र म्हणू नये.

कुठे खेळणार, हे आधी बघू. पुण्यात किंवा महाराष्ट्रात कुठेही कॅसिनो नाही. राज्याचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याची वाट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केली. त्यामुळे स्वारगेटहून किंवा वाकडहून रात्रीची बस पकडून पणजी गाठणं, हाच पुणेकरांचा नेहमीचा मार्ग. गोव्यात कायद्याने जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरचे खेळ चालतात. डीलर हाताने पत्ते वाटतो ती टेबलं मांडवी नदीतल्या बोटींवर असतात. वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र सोबत ठेवा.

दुसरा हात नेमकं काय करतो

ब्लॅकजॅकचे नियम चांगले असतील, म्हणजे ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि १० किंवा चित्र) ३:२ भाव, डीलर सॉफ्ट १७ वर (एक्का ११ धरून झालेल्या १७ वर) थांबणारा, स्प्लिटनंतर (जोडीचे दोन हात केल्यावर) डबल करायची (पैज दुप्पट करून एकच पत्ता घ्यायची) मुभा, आणि खेळाडू बेसिक स्ट्रॅटेजी (कुठल्या हाताला काय करायचं याचे ठरलेले नियम, पुढे दिले आहेत) बिनचूक खेळत असेल, तर कॅसिनोची आघाडी साधारण अर्धा टक्का असते. १,००० रुपयांच्या पैजेमागे सरासरी ५ रुपये. हा अर्धा टक्का एका हातावर लागतो तसाच दोन्ही हातांवर लागतो.

हेलकाव्यांचं गणित मात्र वेगळं आहे. एका हाताचा निकाल सरासरीभोवती पैजेच्या साधारण १.१५ पट इकडे-तिकडे होतो. यालाच प्रमाण विचलन म्हणतात. दोन हात एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असते तर एकत्र विचलन एका पैजेच्या १.६ पट आलं असतं. पण दोघांसमोर डीलर एकच असतो. त्याला २० मिळाले की दोन्ही हात एकदम अडचणीत येतात, तो बस्ट झाला, म्हणजे २१ च्या वर गेला, की दोन्ही एकदम वाचतात. या बांधिलकीमुळे ते विचलन सुमारे १.९ पट होतं.

आता १०० डावांचा हिशेब मांडू. एका हातावर १,००० लावले तर अपेक्षित तोटा ५०० रुपये आणि विचलन सुमारे ११,५००. तेच पैसे दोन हातांवर ५००-५०० असे विभागले तर तोटा तोच ५०० आणि विचलन सुमारे ९,५००. म्हणजे हेलकावे साधारण १७ टक्क्यांनी कमी. आणि दोन्हीवर हजार-हजार लावले तर तोटा १,००० आणि विचलन १९,०००. तिसऱ्या प्रकारात रात्र कशी संपेल ते कुणीच सांगू शकत नाही, आणि बहुतेक लोक नेमका तोच प्रकार खेळतात.

वेगाचाही फायदा आहे. समोर डीलर आणि तुम्ही एकटेच असाल तर एका हाताने तासाला सुमारे २०० डाव होतात. दोन हात घेतले की डाव लांबतो आणि ही संख्या १४० च्या आसपास येते. दोन्हीकडे डावाला एकूण १,००० रुपयेच लावले तर तासाचा अपेक्षित तोटा १,००० वरून ७०० वर येतो. भरलेल्या टेबलावर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, कारण तिथे वेग आधीच तासाला ५०-६० डावांवर आलेला असतो. म्हणजे विभागलेल्या पैजेचे दोन हात सगळ्यात उपयोगी पडतात ते रिकाम्या टेबलावर, दुपारच्या वेळी. शनिवारी रात्रीच्या गर्दीत नाही.

बसण्याआधी विचारायचे प्रश्न

टेबलावरच्या पाटीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त पैज लिहिलेली असते. ती वाचून खुर्ची ओढू नका. आधी डीलरला किंवा पिट बॉसला (टेबलांवर देखरेख करणाऱ्याला) विचारा: दोन हात खेळले तर प्रत्येक हातावर कमीत कमी किती? बऱ्याच ठिकाणी दोन हातांना किमान पैज दुप्पट असते. पाटीवर ५०० असेल तर एका हाताला ५००, पण दोन हातांना प्रत्येकी १,०००. म्हणजे डावाला ५०० रुपये लावायला आलेला माणूस एकदम २,००० वर जातो, चौपट. अशा टेबलावर दुसऱ्या हाताचा विचार करायचा तो आधीपासूनच एका हातावर २,००० लावणाऱ्याने. इतरांनी एकच हात खेळावा.

पुढचे प्रश्न असे. शू (ज्यातून पत्ते वाटतात तो डबा) मध्यावर असताना दुसरा हात घेता येतो का? काही टेबलांवर नवीन शू सुरू होईपर्यंत थांबावं लागतं. एकदा दोन हात घेतल्यावर मध्येच एकावर येता येतं का? दोन जागा लागून असायला हव्यात का? दुसरा कुणी खेळाडू आला तर जागा सोडावी लागेल का? गर्दीच्या वेळी ती सोडावी लागते आणि त्यावर वाद घालू नये.

डीलर आपला दुसरा पत्ता सुरुवातीलाच घेतो की शेवटी, हेही विचारा. याचा परिणाम डबल आणि स्प्लिटवर होतो, ते पुढे येईल. आणि ब्लॅकजॅकचा भाव ६:५ लिहिला असेल तर उठा. १,००० च्या पैजेवर ३:२ ने १,५०० मिळतात, ६:५ ने १,२००. एवढ्या एका ओळीने कॅसिनोची आघाडी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते, आणि पैज विभागून मिळवलेलं सगळं त्यात वाहून जातं.

एक बारीक गोष्ट. टेबलावर सगळ्यात छोटी चिप १०० ची असेल तर ५०० च्या पैजेवर ब्लॅकजॅकचे ७५० कसे देणार, हे आधीच समजून घ्या. वरचे ५० सोडावे लागत असतील तर ४०० किंवा ६०० लावा. २०० च्या पटीत लावलेल्या पैजेचा ३:२ भाव नेहमी पूर्ण शंभरांत येतो.

सोबत किती पैसे

दोन हात खेळताना पैसे कमी पडतात ते हरल्यामुळे कमी, डबल आणि स्प्लिटमुळे जास्त. एक डाव बघा. डीलरसमोर ६. पहिल्या हातात एक्का-७, दुसऱ्यात ८-८. टेबलावर ५००-५०० असे १,००० आहेत. पहिला हात डबल करायचा: आणखी ५००. दुसरा स्प्लिट करायचा: आणखी ५००. स्प्लिट केलेल्या एका ८ वर ३ आला, ११ झाले, डीलरसमोर ६ असताना डबल न करणं म्हणजे हातचा घास सोडणं: आणखी ५००. हजाराचा डाव अडीच हजारांवर गेला. डीलर ६ वर सुमारे ४२ टक्के वेळा बस्ट होतो, त्यामुळे पैसा वाढवण्याची हीच वेळ असते. खिशात हजारच उरले असतील तर डबल किंवा स्प्लिट सोडावा लागतो, आणि अर्ध्या टक्क्याचा सगळा हिशेब ज्या संधींवर उभा आहे, त्याच हातून जातात.

म्हणून नियम साधा ठेवा. एका हाताची पैज ही एक एकक धरा. हातात सहापेक्षा कमी एककं उरली की दुसरा हात बंद. १०० डावांसाठी, म्हणजे मोकळ्या टेबलावर पाऊण तासासाठी, ४० एककं सोबत हवीत. ५०० च्या पैजेला २०,००० रुपये. विचलन १९ एककं येतं, त्याच्या दुपटीइतकी ही तरतूद आहे. ही रक्कम जाऊ शकते हे मान्य नसेल तर पैज कमी करा. पैज कमी करता येत नसेल तर दुसरा हात घेऊ नका.

कराचा भाग लोक विसरतात. चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर जीएसटी लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. जिंकलेल्या चिप्स परत लावताना तो पुन्हा लागत नाही. काउंटरवर एकच प्रश्न विचारा: दहा हजार दिले तर खेळायला किती रुपयांच्या चिप्स हातात येतील? कर तुमच्याच खिशातून कापला जात असेल तर त्यापुढे अर्धा टक्का ही किरकोळ बाब आहे, आणि कुठल्याही स्ट्रॅटेजीने तो भरून निघणार नाही. अशा वेळी या खर्चाकडे करमणुकीचा खर्च म्हणूनच बघावं. शिवाय जिंकलेल्या रकमेवर आयकर ३० टक्के, वर अधिभार आणि उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही.

कॅसिनोच्या प्रवेशाच्या पॅकेजमध्ये एकदाच वापरता येणाऱ्या चिप्स मिळतात. अशी चिप जिंकली तरी परत मिळत नाही, फक्त जिंकलेली रक्कम हातात येते. त्यामुळे तिची खरी किंमत छापील किमतीच्या निम्म्याच्या आसपास असते. दोन हातांच्या हिशेबात या चिप्स आणि रोख चिप्स यांच्या वेगळ्या चळती लावा.

एक डाव, सुरुवातीपासून

दोन्ही पैजा पत्ते वाटायच्या आधी दोन्ही वर्तुळांत ठेवा. वाटप डीलरच्या डावीकडून सुरू होतं. म्हणजे समोर बसलेल्या तुमच्या उजव्या हाताची जागा आधी खेळली जाते, डावीकडची नंतर. नवखे इथेच गोंधळतात, डावीकडचा हात आधी बघून खूण करतात आणि ती उजव्या हाताला लागू होते. डीलर कुठल्या हाताकडे बोट दाखवतोय ते बघूनच खूण करा.

पत्ते उघडे वाटले जातात, त्यांना हात लावायचा नाही. पत्ता हवा असेल तर टेबलावर बोट टेकवा. थांबायचं असेल तर तळवा आडवा फिरवा. डबलसाठी तेवढीच रक्कम पैजेच्या बाजूला ठेवा, वर रचू नका, आणि एक बोट दाखवा. स्प्लिटला तसंच, पण दोन बोटं. तोंडाने बोललेलं सहसा ग्राह्य धरत नाहीत, कारण छतावरच्या कॅमेऱ्याला खूण दिसावी लागते.

आता निर्णय. खालची स्ट्रॅटेजी ६ ते ८ कॅट, डीलर सॉफ्ट १७ वर थांबणारा आणि स्प्लिटनंतर डबल चालतं, अशा टेबलासाठी आहे. हिचा पहिला नीट हिशेब अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी टेबलावरच्या गणकयंत्रांवर करून १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. नंतर संगणकांनी त्यात किरकोळ दुरुस्त्या केल्या.

हार्ड हात, म्हणजे एक्का नसलेले किंवा एक्का १ धरावा लागणारे: ८ किंवा कमी असतील तर पत्ता घ्या. ९ ला डीलरच्या ३ ते ६ समोर डबल. १० ला २ ते ९ समोर डबल. ११ ला २ ते १० समोर डबल, एक्क्यासमोर नुसता पत्ता. १२ असतील तर ४, ५, ६ समोर थांबा, बाकी सगळीकडे पत्ता. १३ ते १६ ला २ ते ६ समोर थांबा, ७ आणि वर पत्ता. १७ आणि पुढे नेहमी थांबा. सरेंडरची सोय असेल तर १६ ला ९, १०, एक्का समोर आणि १५ ला १० समोर अर्धी पैज सोडून द्या. ८-८ मात्र सरेंडर न करता स्प्लिट करा.

सॉफ्ट हात: एक्का-२ आणि एक्का-३ ला ५-६ समोर डबल. एक्का-४ आणि एक्का-५ ला ४ ते ६ समोर. एक्का-६ ला ३ ते ६ समोर. ही जागा सोडून बाकी ठिकाणी या सगळ्यांना पत्ता. एक्का-७ हा फसवा हात आहे: ३ ते ६ समोर डबल, २, ७, ८ समोर थांबा, आणि ९, १० किंवा एक्का दिसला तर पत्ता घ्या, १८ असले तरी. एक्का-८ आणि एक्का-९ वर थांबा.

जोड्या: एक्के आणि ८ नेहमी स्प्लिट. १० ची जोडी आणि ५ ची जोडी कधीच नाही. ५-५ म्हणजे १० धरून खेळा. २-२, ३-३, ७-७ ला २ ते ७ समोर स्प्लिट. ४-४ ला फक्त ५-६ समोर. ६-६ ला २ ते ६ समोर. ९-९ ला २ ते ६ आणि ८-९ समोर स्प्लिट, ७, १० आणि एक्क्यासमोर थांबा.

डीलर दुसरा पत्ता शेवटी घेत असेल आणि त्याला ब्लॅकजॅक आला तर डबल-स्प्लिटसाठी घातलेला सगळा पैसा जात असेल, तर एवढे बदल करा: ११ ला १० समोर डबल करू नका, नुसता पत्ता. ८-८ ला १० आणि एक्क्यासमोर स्प्लिट नको. एक्क्यांची जोडी एक्क्यासमोर स्प्लिट करू नका. एका हातावर हा नियम विसरलात तर एक पैज जास्त जाते. दोन हातांवर विसरलात तर एकाच ब्लॅकजॅकने चार पैजा उचलल्या जातात.

इन्शुरन्स आणि तुमचे चार पत्ते

दोन हात खेळणाऱ्याला एका हातवाल्यापेक्षा दोन पत्ते जास्त दिसतात. त्याचा काही उपयोग होतो का, हे इन्शुरन्सच्या वेळी नेमकं मोजता येतं. डीलरसमोर एक्का आला की इन्शुरन्स, म्हणजे त्याला ब्लॅकजॅक आहे यावर वेगळी पैज, विचारतात. भाव २:१, म्हणजे लपलेला पत्ता १० चा असण्याची शक्यता एक तृतीयांशापेक्षा, ३३.३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच तो परवडतो.

सहा कॅटमध्ये ३१२ पत्ते. तुमचे चार आणि डीलरचा एक्का काढला की ३०७ राहतात. समजा तुमच्या चारांत एकही १० किंवा चित्र नाही. मग ३०७ पैकी ९६ दहावाले, म्हणजे ३१.३ टक्के. इन्शुरन्ससाठी याहून चांगली परिस्थिती चार पत्त्यांत येऊच शकत नाही, तरीही तो तोट्याचाच: शंभर रुपयांमागे सुमारे सहा रुपये जातात. उलट तुमचे चारही पत्ते दहाचे असतील, दोन्ही हातांत २०-२०, तर ३०७ पैकी ९२ उरतात, ३० टक्के. तोटा शंभरामागे दहा रुपये. लोक इन्शुरन्स घेतात ते नेमके याच वेळी, कारण दोन विसावर आलेले हात जाताना बघवत नाहीत. पण ते चार दहावाले तुमच्याकडे असल्यामुळेच डीलरकडे दहा असण्याची शक्यता घटलेली असते.

एकाच कॅटच्या खेळात मात्र गंमत आहे. ५२ तून पाच गेले, ४७ उरले, तुमच्या चारांत दहावाला नसेल तर १६ शिल्लक. ३४ टक्के. इथे इन्शुरन्स फायद्याचा ठरतो. एकच हात खेळणाऱ्याला हाच हिशेब ४९ पैकी १६, ३२.७ टक्के पडतो आणि तोटा होतो. एका कॅटचं टेबल सहसा भेटत नाही ही वेगळी गोष्ट.

तुमच्या एका हातात ब्लॅकजॅक असेल आणि डीलर बरोबरीचे पैसे (पैजेएवढेच) देऊ करत असेल, तर तेही इन्शुरन्सच आहे. नाही म्हणा.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्या हाताच्या निकालावर दुसरा खेळणं. उजवीकडचा हात १६ वर पत्ता घेऊन बस्ट झाला की डावीकडच्या १५ वर हात थरथरतो आणि माणूस थांबतो. शूमधल्या पुढच्या पत्त्याला पहिल्या हाताचं काय झालं याची काही कल्पना नसते. निर्णय दोनच गोष्टींवर: या हाताची बेरीज आणि डीलरचा उघडा पत्ता. पहिला हात संपला की त्याच्याकडे बघणं बंद.

दुसरी चूक जास्त शहाणी दिसते. एक हात सांभाळून खेळायचा, दुसरा धाडसाने, म्हणजे काहीतरी एक लागेल. समजा डीलरसमोर १० आहे आणि तुमच्याकडे १२ आणि १६. १६ वर थांबा किंवा पत्ता घ्या, दोन्हीकडे सरासरी तोटा जवळजवळ सारखाच, पैजेच्या ५४ टक्क्यांच्या आसपास. तिथे हवी तेवढी अंधश्रद्धा पाळा. पण १२ वर थांबलात तर तोटा ५४ टक्के आणि पत्ता घेतलात तर ३८. ‘सांभाळून’ खेळण्याची किंमत ५०० च्या पैजेवर एका डावात ८० रुपये. अख्ख्या डावाचा अपेक्षित तोटा ५ रुपये असतो हे लक्षात घेतलं की ही रक्कम किती मोठी आहे ते कळेल.

साइड बेट हा तिसरा खड्डा. जोडी लागेल का, तीन पत्त्यांचा रंग किंवा क्रम जमेल का, असल्या छोट्या वर्तुळांवर कॅसिनोची आघाडी सहसा कित्येक टक्के असते. आपल्याकडे तीन पत्ती खेळून मोठा झालेला माणूस यावर लगेच भाळतो, कारण रंग आणि सिक्वेन्स ओळखीचे असतात. दोन हात म्हणजे अशी दोन वर्तुळं.

बाकी चुका हाताळणीच्या. दोन्ही पैजा वेगवेगळ्या असताना डबलची रक्कम उलट्या हाताला ठेवली जाते. म्हणून दोन्हीकडे सारखीच पैज लावा. पत्ते पडल्यावर पैजेला हात लावला की पिट बॉस येतो. हरल्यावर एका हाताची पैज वाढवून ‘वसूल’ करायला गेलं की पैज विभागण्याचा मूळ उद्देशच संपतो. बोटीवर पेयं पॅकेजमध्ये असतात. दोन हातांच्या बेरजा दुसऱ्या पेल्यानंतर चुकू लागतात, आणि कॅसिनोला ते चांगलं माहीत असतं.

शेवटच्या जागेवरचा खेळाडू म्हणेल की तुम्ही दुसरा हात घेतलात म्हणून डीलरला त्याचा पत्ता गेला. तो वाईट पत्ता जितक्या वेळा डीलरला जातो तितक्याच वेळा चांगलाही जातो, फक्त तेव्हा कुणी तक्रार करत नाही. शेजारी फारच रुसला तर दुसऱ्या टेबलावर जा, समजवायला बसू नका.

पत्ते मोजणाऱ्यांसाठी

पत्ते मोजणाऱ्याला, म्हणजे गेलेल्या पत्त्यांवरून उरलेल्यांचा अंदाज ठेवणाऱ्याला, दोन हातांचा वेगळा नियम माहीत असतो: एका हातावर जेवढं लावलं असतं त्याच्या साधारण ७३ टक्के प्रत्येक हातावर, म्हणजे एकूण जवळपास दीडपट. दिवाळं निघण्याचा धोका तेवढाच राहतो आणि कमाई वाढते. पण हा नियम आघाडी आपल्या बाजूला असेल तेव्हाचा आहे. आघाडी कॅसिनोची असताना दीडपट लावणं म्हणजे दीडपट तोटा. मोजता न येणाऱ्याने ७३ चा आकडा विसरून ५० धरावा.

मोजणाऱ्यालाही एक गोष्ट तपासावी लागते. एका हाताला सरासरी २.७ पत्ते लागतात. तुम्ही एकटे असाल आणि शूमध्ये खेळायला चांगले १५० पत्ते उरले असतील, तर एका हाताने सुमारे २८ डाव होतात, दोन हातांनी सुमारे १८. अठरा-साडेअठरा डाव गुणिले १.४६ म्हणजे २७ पैजा. एका हाताने २८ होत होत्या. मिळवलं काहीच नाही. टेबलावर आणखी तिघे असतील तर एका हाताने ११ डाव, दोन हातांनी ९. आता नऊ-सव्वानऊ गुणिले १.४६ म्हणजे तेरा-साडेतेरा. इथे दुसरा हात कामाचा, कारण तो चांगले पत्ते शेजाऱ्यांकडे जाण्याआधी तुमच्याकडे ओढतो. पत्ते सतत पिसणारं यंत्र टेबलावर असेल तर हा सगळा भागच सोडून द्या. आणि कॅसिनोला संशय आला तर तो तुम्हाला ब्लॅकजॅक खेळू देणं थांबवू शकतो.

घरी सराव

रविवार पेठेतून किंवा तुळशीबागेतून पत्त्यांचे सहा कॅट आणा, जोकर काढून टाका, ३१२ मोजून घ्या. चिप्सऐवजी कॅरमच्या सोंगट्या चालतात: काळी ५००, पांढरी १,०००. नऊ काळ्या आणि नऊ पांढऱ्या मिळून १३,५०० होतात. त्या संपल्या की सरावाचा फेरा संपला. राणीला ५,००० धरून लांबवू नका.

पहिल्या टप्प्यात फक्त निर्णय. समोरच्याने तुमच्या उजवीकडे दोन, डावीकडे दोन आणि मध्ये डीलरचा एक पत्ता उघडा ठेवावा. तुम्ही उजवा, मग डावा, असे दोन निर्णय मोठ्याने सांगायचे: ‘पत्ता’, ‘थांब’, ‘डबल’, ‘स्प्लिट’. प्रत्येकी तीन सेकंदांच्या आत. वरची स्ट्रॅटेजी एका कागदावर लिहून समोरच्याच्या हातात द्या. चूक झाली की त्याने फक्त खूण करायची, चर्चा नंतर. पन्नास डावांत शून्य चूक येईपर्यंत पुढे जाऊ नये. सॉफ्ट १८ आणि ९-९ हे दोन हात सगळ्यात शेवटी पक्के होतात. त्यांचे पत्ते मुद्दाम वेगळे काढून घोटवा.

दुसऱ्या टप्प्यात पूर्ण डाव, सोंगट्यांसह. स्प्लिट झाल्यावर तीन-तीन हात समोर असताना बेरजा कुठे चुकतात ते इथे कळतं. समोरच्याला कधी कधी मुद्दाम चुकीचे पैसे द्यायला सांगा आणि ते तुमच्या लक्षात येतात का बघा. थकलेल्या डीलरकडूनही चुका होतात, आणि पत्ते उचलल्यावर तक्रार करून फारसा उपयोग नसतो.

तिसऱ्या टप्प्यात टीव्ही मोठ्याने लावा, घरातल्या कुणाला मध्येच काहीतरी विचारायला सांगा, आणि पाऊण तास न थांबता खेळा. शेवटच्या दहा मिनिटांतल्या चुका वेगळ्या मोजा. त्या दहा मिनिटांत दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर बोटीवर दोन हात अर्धा तासच खेळायचे, मग एकावर यायचं किंवा उठून डेकवर जाऊन यायचं. एकही झाली नाही, तर डीलरला दोन हातांची किमान पैज किती आहे ते विचारायला हरकत नाही.